घराचा चिवटपणा मोजताना

माणसाची उंची मोजता येते, वजन मोजता येते, अंगातला ताप मोजता येतो. परंतु एखाद्या घराचा तग धरण्याचा गुण मोजता येईल काय, असा प्रश्न कुणी विचारला तर आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण हसतील. 'अमक्यांचे घर मोठे चिवट हो, काय काय सोसले, पण मोडले नाही,' असे आपण सहज बोलून जातो आणि ऐकणाराला ते समजतेही. हेच वाक्य अंकांत उतरविण्याचा उद्योग समाजशास्त्राचे आणि मानसशास्त्राचे अभ्यासक गेली कित्येक वर्षे चिकाटीने करीत आले आहेत. अलीकडे ह्या उद्योगाचे एक मोठे क्षेत्र चीन हे झाले आहे, आणि तेही तेथल्या अशा मुलांसंबंधाने, की ज्यांचे आईबाप पोटासाठी दूरच्या शहरात आहेत. ह्या महिन्यात वाचकांस तिकडे नेण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम पसारा केवढा आहे ते पाहू. चीनच्या २०२० सालच्या जनगणनेवरून केलेल्या हिशेबाप्रमाणे सुमारे ७ कोटी ११ लाख मुले आईबापांबरोबर किंवा शिक्षणासाठी मूळ गाव सोडून परठिकाणी राहत होती. आणि आईबापांपैकी एक किंवा दोघेही परगावी असल्यामुळे मागे राहिलेली मुले ६ कोटी ६९ लाख होती. दोन्ही मिळून १३ कोटी ८० लाख, म्हणजे त्या देशातील दर शंभर मुलांमागे शेहेचाळीस. हा आकडा एखाद्या दुष्काळी जिल्ह्याचा किंवा पूरग्रस्त प्रांताचा नव्हे. जवळजवळ निम्मे बालपणच तेथे ह्या ना त्या रीतीने स्थलांतराच्या छायेत जाते.

असे का व्हावे? माणसे कामासाठी गाव सोडतात हे जगात सगळीकडे आहे. चीनमध्ये त्याला एका कायद्याची जोड मिळाली. जानेवारी १९५८ मध्ये तेथे कुटुंबनोंदणीचा कायदा झाला. ह्या नोंदीला 'हूखौ' म्हणतात. प्रत्येक माणूस गावचा की शहरचा, आणि कोणत्या गावचा, हे त्या नोंदवहीत लिहिलेले असे आणि शाळा, दवाखाना, निवृत्तिवेतन ह्या साऱ्यांचे हक्क त्या नोंदीला बांधलेले असत. मुलाला १९९८ पर्यंत आईचीच नोंद मिळे. बाप शहरचा असला तरी आई गावची असेल तर मूल गावचेच. १९८० नंतर किनाऱ्यावरच्या शेन्झेनसारख्या शहरांत कारखाने उभे राहिले आणि सिच्वान, हनान, आन्ह्वेई, ग्वेइचौ अशा आतल्या प्रांतांतून माणसांचा लोंढा तिकडे वाहू लागला. माणसे गेली, परंतु त्यांची नोंद गावीच राहिली. कामाचे तास लांब, राहणे कारखान्याच्या वसतिगृहात किंवा एका खोलीत, शहरातल्या सरकारी शाळेत प्रवेशाला अडचणी, आणि विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा मात्र नोंद असेल त्याच प्रांतात द्यावयाची. अशा स्थितीत मुलाला आजी-आजोबांपाशी ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरे. पुढे ह्या निर्बंधांत बरीच शिथिलता आली; लहान शहरांनी दारे उघडली; २०१२ नंतर काही प्रांतांनी परक्या मुलांना आपल्याकडे परीक्षा देण्याची मुभा दिली. बीजिंग-शांघायसारख्या महानगरांचे दार मात्र अद्याप किलकिलेच आहे.

मागे राहिलेल्या मुलांना चिनी भाषेत 'लिउशौ अर्थुंग' असे नाव आहे. जी मागे राहून घर सांभाळतात ती मुले, असा त्याचा अर्थ. नाव मोठे गोड आहे. वास्तविक मुलांनी घर सांभाळावयाचे की घराने मुलांना?

आता ह्या मोजमापातला पहिला चमत्कार पाहा. २०१३ साली तेथील अखिल चीन महिला महासंघाने २०१० च्या जनगणनेवरून अनुमान काढून सांगितले, की खेड्यांत मागे राहिलेली मुले ६ कोटी १० लाख आहेत. २०१६ साली सरकारने गावोगाव नोंद करून आकडा जाहीर केला, तो ९० लाखांचा! तीन वर्षांत पाच कोटी मुलांचे आईबाप घरी परतले होते काय? तसे काही झाले नव्हते. पूर्वी अठरा वर्षांखालील आणि आईबापांपैकी एकजण जरी बाहेर असला तरी ते मूल मोजले जाई. फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारने व्याख्या बदलली: वय सोळाच्या खाली, आणि दोघेही बाहेर, किंवा एक बाहेर व दुसरा सांभाळ करण्यास असमर्थ. एका आज्ञापत्राने कोट्यवधी मुले त्या यादीतून उतरली. आई गावी आणि बाप दोन हजार किलोमीटरवर, अशा घरातले मूल त्या दिवसापासून 'मागे राहिलेले' उरले नाही. नवी व्याख्या दुष्टपणाने केली असे आम्ही म्हणत नाही. ज्यांना मदतीची सर्वांत निकड आहे त्यांच्यावर लक्ष केंद्रित करण्याचा तिचा हेतू असू शकेल. आदल्या वर्षी, जून २०१५ मध्ये, ग्वेइचौ प्रांतातील बीज्ये येथे एकट्या राहणाऱ्या चार भावंडांचा कीटकनाशकाने अंत झाला होता आणि साऱ्या देशाला हादरा बसला होता. त्या ९० लाखांतही ८० लाखांहून अधिक मुले आजी-आजोबांच्या हवाली होती, आणि ३ लाख ६० हजार मुलांना तर सांभाळणारे कुणीच नव्हते. हा शेवटचा आकडा वाचून आम्ही काही वेळ पुढे वाचू शकलो नाही.

परंतु आमचा विषय चिवटपणाचा. ह्या मुलांची हानी किती होते ह्याचा हिशेब पुष्कळ झाला आहे. २०१८ साली लॅन्सेट ह्या वैद्यक नियतकालिकात जगभरच्या १११ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतील ९१ अभ्यास एकट्या चीनमधले होते. निष्कर्ष असा, की आईबाप दूर असलेल्या मुलांत खिन्नता, चिंता, आत्महत्येचे विचार, वाढ खुंटणे ह्यांचे प्रमाण अधिक आढळते. याउलट २०१५ साली दहा प्रांतांतील एक लाखाहून अधिक ग्रामीण मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत प्रकृती, पोषण आणि अभ्यास ह्या बाबतींत मागे राहिलेली मुले आईबापांजवळच्या मुलांच्या बरोबरीने किंवा किंचित सरसच आढळली. कारण खेड्यातली दोन्ही प्रकारची मुले सारखीच मागासलेली होती, आणि बाहेरून येणाऱ्या पैशाने मागे राहिलेल्यांच्या ताटात थोडे अधिक पडत होते. दोन्ही अभ्यास खरे असू शकतात. काय मोजले, त्यावर काय दिसणार हे ठरते.

म्हणून काही अभ्यासकांनी प्रश्नच उलटा धरला. इतकी वर्षे दूर राहूनही काही घरे एकसंध राहतात, त्यांतील मुले सावरतात. ती कशाच्या बळावर?

ह्या प्रश्नाची वंशावळ जुनी आहे. रूबेन हिल ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात नवरे आघाडीवर गेलेल्या आणि मग परतलेल्या घरांचा अभ्यास करून १९४९ साली पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की संकट कोसळते तेव्हा घराचे काय होणार हे केवळ संकटावर ठरत नाही. घराजवळची साधने कोणती, आणि त्या संकटाचा अर्थ घर काय लावते, ह्यांवरही ते अवलंबून असते. विशेष म्हणजे ताटातूट जशी एक कसोटी, तशी पुनर्भेटही दुसरी कसोटी, हे त्याने ओळखले. पुढे हवाई बेटांपैकी कावाई येथे एमी वर्नर ह्या विदुषीने सहकाऱ्यांसह १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला. त्यांतली सुमारे एकतृतीयांश मुले गरिबी, आजार, घरातील कलह अशा धोक्यांत वाढली, आणि त्या धोक्यातल्यांपैकीही साधारण तिसरा हिस्सा उत्तम निपजला. ह्या सावरलेल्या मुलांना निदान एकतरी जिव्हाळ्याचे, भरवशाचे वडीलधारे माणूस लाभले होते, आणि ते माणूस आईबापच असले पाहिजे असे नव्हते; आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक कुणीही चालत असे. चिनी आजीच्या दृष्टीने हे मोठे आश्वासक आहे.

शिकागोच्या फ्रोमा वॉल्श ह्यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात व्यक्तीकडून घराकडे दृष्टी वळविली. घराच्या श्रद्धा आणि विचार, घराची घडण, आणि घरातला संवाद, ह्या तीन खांबांवर चिवटपणा उभा असतो, असे त्यांनी मांडले. ह्या मांडणीच्या आधारे मेगन सिक्सबी ह्यांनी २००५ साली फ्लोरिडा विद्यापीठात एक प्रश्नावली बनविली. चोपन्न विधाने, प्रत्येकापुढे चार खुणा, 'पूर्ण सहमत' पासून 'पूर्ण असहमत' पर्यंत. घरात बोलणे व अडचणींची सोडवणूक कशी होते, घरच्या माणसांची एकमेकांशी जवळीक किती, शेजाऱ्यापाजाऱ्यांची मदत मिळते काय, आशा टिकते काय, देवाधर्माचा आधार किती, संकटाचा अर्थ कसा लावतात, असे त्यांचे सहा गट. त्या सर्वांची बेरीज केली म्हणजे घराच्या चिवटपणाचा आकडा निघतो.

ही फूटपट्टी चीनला नेताना पहिली अडचण आली ती शब्दाची. ज्याला आम्ही चिवटपणा म्हणत आहोत त्याला चिनी पंडितांनी एक सोडून तीन शब्द योजिले आहेत. 'फूयुआनली' म्हणजे मूळ स्थितीस परत येण्याची शक्ती. 'खांग्नीली' म्हणजे प्रतिकूलतेशी झुंजण्याची शक्ती; हा शब्द हाँगकाँगकडे अधिक रूढ. आणि तिसरा 'रन्शिंग'. ह्यातील 'रन' ह्या अक्षराच्या अंगी कमावलेल्या कातड्याची खूण आहे, जे वाकते, ताणले जाते, पण तुटत नाही. आम्हांस हा तिसरा शब्द सर्वांत खरा वाटतो. कारण ज्या मुलाच्या जन्मापासून बाप परगावीच आहे, त्या घराची परत येण्याजोगी 'मूळ स्थिती' कोणती? आणि झुंजायचे तरी कुणाशी, नोंदवहीशी? कातड्यासारखे ताणून घेणे एवढेच त्या घराच्या हाती असते. (मराठीत कुणी 'लवचीकता' म्हणतात. लवचीक तर वेताची छडीही असते. तिला सोसावे लागत नाही, सोसावे लागते ते छडी खाणाऱ्याला!)

दुसरी अडचण देवाधर्माची. मूळ प्रश्नावलीत प्रार्थनामंदिरात जाणे, धर्मोपदेशकाचा सल्ला घेणे, अशा अर्थाची विधाने आहेत. चिनी खेड्यातले मूल त्यांपुढे कसली खूण करणार? म्हणून त्या घराला श्रद्धाच नाही असे नव्हे. चिंगमिंगच्या दिवशी पूर्वजांची थडगी झाडण्यासाठी घरची माणसे लांबून येतात, घरात पितरांपुढे उदबत्ती लावली जाते. परंतु अमेरिकन कागदावर त्याला घर नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संक्षिप्त चिनी प्रश्नावलीत बत्तीस विधाने राहिली आणि गटही तीनच उरले: संवाद व अडचणींची सोडवणूक, समाजाचा आधार, आणि आशावाद. श्रद्धेचा स्वतंत्र गट गळाला. अभ्यासकांच्या शिस्तीस धरून हे योग्यच झाले. जे विधान उत्तरांत धड बसत नाही ते ठेवण्यात अर्थ नाही. तथापि जे गळले त्याच्या जागी पितरांच्या उदबत्तीविषयी एखादे विधान घालावयास हवे होते, असे आमचे मत आहे.

अशा प्रश्नावलीची परीक्षा कशी घेतात हेही वाचकांनी जाणून घ्यावे. एकजण भाषांतर करतो, दुसरा मूळ न पाहता ते पुन्हा इंग्रजीत नेतो, आणि दोन्ही ताडून पाहतात. मग शेकडो मुलांकडून ती भरून घेतात. एकाच गटातली विधाने एकमेकांशी जुळतात की नाही, ह्यासाठी क्रॉनबाख ह्या शास्त्रज्ञाने १९५१ साली मांडलेला एक गुणांक काढतात. तो एकाच्या जवळ असेल तितका चांगला. परंतु हा गुणांक उत्तम आला म्हणजे माप खरे, असे मात्र नव्हे. वाण्याची पायली दरवेळी अगदी सारखी भरते. ती मुळातच लहान कोरलेली असेल तर दरवेळी सारखेच कमी धान्य पदरात पडेल. म्हणून आणखी एक कसोटी लावतात: आईबापांजवळचे मूल आणि मागे राहिलेले मूल, दोघांना तेच विधान त्याच अर्थाने कळते काय? ही कसोटी उतरल्याशिवाय दोघांच्या बेरजांची तुलना करणे म्हणजे शेर आणि किलो एकाच काट्यावर मोजणे होय.

कारण पाहा. 'आमच्या घरात आम्ही एकमेकांशी मोकळेपणाने बोलतो' अशा धाटणीचे विधान समोर आले, तर मुलाने 'आमचे घर' म्हणजे कोण धरायचे? ज्या आजीच्या हातचे जेवते ती, की नववर्षाच्या सणाला आठ-दहा दिवसांसाठी येणारी आई? की शाळेच्या वसतिगृहातली सोबतीण? २००१ नंतर तेथे लहान गावांच्या शाळा मिटवून मोठ्या शाळांत मिसळण्याची मोहीम झाली, ती २०१२ पर्यंत चालली. त्यामुळे कोवळ्या वयाची मुले आठवडाभर शाळेतच राहू लागली. त्यांचे घर तीन ठिकाणी वाटलेले असते. एक मूल आजीला धरून 'पूर्ण सहमत' म्हणेल, शेजारचे मूल आईला धरून 'असहमत' म्हणेल, आणि कागदावर दोन घरे वेगळी दिसतील. आजीला, आईला आणि मुलाला तीच प्रश्नावली स्वतंत्रपणे द्यावी आणि तिघांच्या उत्तरांतले अंतर मोजावे, हा ह्यावरचा उपाय. खर्च तिप्पट होतो खरा. आम्हांस तर वाटते, की ते अंतर हेच खरे माप आहे, बेरीज नव्हे.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक. चिनी भाषेत एक म्हण आहे, तिचा भाव असा: आनंदाची वार्ता कळवावी, चिंतेची कळवू नये. दूर असलेल्या आईला फोनवर मूल सांगते, सारे ठीक आहे. आईही सांगते, काम हलके आहे. आपल्याकडे 'येथील सर्व क्षेम, तिकडील कुशल कळवावे' असे लिहून आजारपणाचा मजकूर गाळण्याची रीत ज्या घरांना ठाऊक आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आता सांगा, हा मोकळ्या संवादाचा अभाव, की प्रेमाची एक रीत? प्रश्नावली त्याला उणे गुण देईल. आणि जे मूल दुःख झाकण्यास शिकले आहे, ते अनोळखी माणसाने दिलेल्या कागदावरही ते झाकणारच. 'आमचे घर उत्तम' अशा खुणा करील आणि बेरीज भरघोस येईल! सर्वांत चिवट दिसणारे घर कदाचित सर्वांत एकाकी असेल.

शिवाय पाहणीच्या दिवशी मूल ज्या रकान्यात असते त्यात ते कायमचे नसते. पाचव्या वर्षापर्यंत आजीकडे, मग तीन वर्षे शहरात, मग तिथली मजुरांच्या मुलांची शाळा बंद पडली म्हणून, किंवा वरच्या परीक्षेचा प्रश्न आला म्हणून, पुन्हा गावी. अशा परत पाठविलेल्या मुलांना आता स्वतंत्र नाव मिळाले आहे. बीजिंगमध्ये २०११ च्या उन्हाळ्यात अशा वीसहून अधिक शाळा एकदम बंद करण्यात आल्या होत्या. हिलने सांगितलेली पुनर्भेटीची कसोटी येथे उलट्या क्रमाने पुन:पुन्हा द्यावी लागते. एका दिवसाचे छायाचित्र काढून हा प्रवास कळत नाही. त्याच मुलांना वर्षावर्षाने भेटत राहावे लागते, वर्नरबाईंनी कावाईत केले तसे.

एवढ्या अडचणी असून हे माप टाकून द्यावे काय? आम्ही तसे म्हणणार नाही. संवादाचा गट वेगळा काढता येतो, शेजाराच्या आधाराचा गट वेगळा काढता येतो. त्यावरून एखाद्या गावात शिक्षकांनी, पंचांनी कुठे हात घालावा हे कळते. आजीला लिहितावाचता येत नसेल तर अभ्यासाच्या तासाची सोय करता येते. भीती निराळ्या गोष्टीची आहे. घराला गुण दिले की नापास झाल्याचा दोषही घराच्याच माथी येतो. बत्तीस विधानांत एकही विधान नोंदवहीविषयी नाही. तेथील शाळेने मुलाला घेतले असते तर हे घर ताणावे लागले असते काय, हे कुणी विचारीत नाही. आणि गुण चांगले आले, तर 'घरे चिवट आहेत, चालले आहे ते ठीक आहे' असे म्हणण्यास राज्यकर्ते मोकळे! व्याख्या बदलून पाच कोटी मुले कमी होऊ शकतात तेथे हे अशक्य मानण्याचे कारण नाही.

हा सारा मामला परदेशचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. कोकणातला चाकरमानी मुंबईच्या गिरणीत आणि बायकामुले गावी, मनीऑर्डर हाच घराचा कणा, ही स्थिती कैक दशके होती. त्या घरांचे असे मोजमाप कुणी केले नाही. मराठवाड्यातील बीडकडची ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकातील कारखान्यांकडेही सहा-सहा महिने जातात. काही मुले कोयत्याबरोबर फडावर, काही मागे आजीजवळ. मागे राहणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात हंगामी वसतिगृहांची योजना आहे आणि फडावरच्यांसाठी साखरशाळा निघाल्या. त्या पालांतल्या मुलांना कानडी शाळा जवळ आणि मराठी शाळा लांब, असा पेच सीमाभागात पडतो. बेळगाव भागातील ज्या वाचकांच्या गावाशेजारी ह्या हंगामात अशी पाले पडत असतील, त्यांनी तेथील मुले दिवसभर कुठे असतात, मागे राहिलेल्या भावंडांशी त्यांचे बोलणे होते की नाही, आणि झाले तर काय होते, हे आम्हांस अवश्य लिहून कळवावे. आलेली पत्रे ह्याच सदरात क्रमाने देऊ. मुलांची नावे मात्र छापणार नाही.